लूत नव्हे हो!

‘लूत लागलीय, हात लावू नका,’ चिंगीला घेऊन बारामतीत फिरायला निघालं की कुणीतरी आपल्या पोराला मागं ओढतंच. डोक्यावर झुलपं, पायांत केसांचे मोजे, शेपटीला गोंडा, बाकी अंग उघडं. भाची नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिची ही चायनीज क्रेस्टेड जातीची कुत्री आमच्याकडे आली. वजन जेमतेम साडेचार किलो. अंगाला हात लावला तर कढत. ताप नसतो, मध्ये केस नसतात म्हणून ऊब थेट लागते.

नावात चीन असलं तरी ही जात तिथलीच, असं ठामपणे सांगता येत नाही. केस नसण्याचं कारण मात्र २००८ मध्ये सापडलं: एका जनुकातला बदल. मेक्सिको-पेरूच्या बिनकेसांच्या कुत्र्यांतही तोच. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर केस जातात. दोघांकडून आला तर पिल्लू पोटातच दगावतं. म्हणून एकाच वेतात बिनकेसांची आणि झुपकेदार, दोन्ही पिल्लं निघतात. दातांवरही त्याचा परिणाम होतो. चिंगीला दाढा कमीच, भाकरी कुस्करूनच द्यावी लागते.

उन्हाळ्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो आणि तिची कातडी भाजते. फिरणं सकाळी ऊन चढायच्या आत, अंगात सुती झबलं. माणसांचं सनस्क्रीन मी लावत नाही. त्यात झिंक असलं आणि तिनं चाटलं तर विषबाधा व्हायची.

सासूबाई निमगाव केतकीच्या, पानमळ्यात वाढलेल्या. ‘उघडं पोर हाय’ म्हणत त्यांनी रोज खोबरेल चोळायला घेतलं. पाठभर काळ्या पुटकुळ्या उठल्या. तेलानं रंध्रं बुजतात, डॉक्टर म्हणाले. सौम्य साबणानं अंघोळ आणि हलकं क्रीम, बस्स. दिवाळीनंतर गारठा पडला तशी त्यांनी तिला घोंगडीत गुंडाळली. सकाळी पोटावर लाल चट्टे! या जातीतल्या काही कुत्र्यांना लोकर सोसत नाही. घोंगडी गेली, जुन्या लुगड्यांची गोधडी आली. सासूबाईंना ते लागलंच.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीला आली, की तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. चिंगीला कडेवर घेऊन आम्ही गेलो. एका म्हाताऱ्या धनगरानं तिची कातडी चिमटीत धरून पाहिली, कानामागं बघितलं. ‘लूत असती तर खाजवून जीव घेतला असता तिनं. चांगली हाय की! थंडीत काय करता हिचं?’

सासूबाईंनी लगेच घोंगडीचं गाऱ्हाणं मांडलं. ‘मग लोकरच खरबरीत असंल तुमची,’ म्हातारा म्हणाला, आणि दोघांचं जे जुंपलं ते पालखी पुढं गेली तरी मिटेना.