दीड इंचाचा चौकोन

शाईत छटा भरायला शिकायचं असेल तर मी अजूनही इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनचा पहिला धडा सुचवतो. साधारण दीड इंचाचा चौकोन आखायचा आणि बारीक निबने त्यात एकमेकींना छेदणाऱ्या रेघा अशा भरायच्या, की सगळीकडे सारखा करडेपणा यावा. हात जरा घाईवर आला की दोन रेघा चिकटतात, छेदावर शाई साचते. मग फिक्या जागा गडद करत जायचं, फार काळं झालेलं चाकूच्या टोकाने खरवडायचं. हे साधलं की पुढे रस्किन रस्त्यावरचा गोलसर दगड उचलून समोर ठेवायला सांगतो. त्याची गोलाई बाह्यरेषेने दिसत नाही, छटेनेच दिसते.

हे धडे ज्यात आहेत ते 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे त्याचं पुस्तक 1857 साली लंडनला निघालं. अमेरिकेत रस्किनचे विचार त्याआधीच पोचले होते. न्यूयॉर्कचं 'द क्रेयॉन' हे नियतकालिक 1855 पासून ते मांडत होतं. पुढे लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात रस्किनच्याच हाताखाली शिकलेला थॉमस चार्ल्स फॅरर न्यूयॉर्कला आला. 1863 साली त्याने समविचारी मंडळींसह एक संस्था काढली. तिचा आग्रह एकच होता: निसर्ग जसा दिसतो तसा, काही न गाळता काढा. त्यातल्याच विल्यम ट्रॉस्ट रिचर्ड्सची रानझाडांची पेन्सिल-रेखाटनं पाहावीत. शिस्त इंग्लंडची, पण झुडूप त्याच्या पायाशी उगवलेलं. उसनी पद्धत आपली होते ती अशी, असं मला वाटतं.

इंग्लंडहून दुसरी वाटही आली. कारखान्यांना नक्षीकार हवेत म्हणून मॅसॅच्युसेट्सने 1870 साली चित्रकलेच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या पद्धतीत तयार झालेला वॉल्टर स्मिथ बोस्टनला आला. भूमितीच्या आकृत्या, नमुन्यावरून नक्कल, स्वच्छ बाह्यरेषा. हीच पद्धत जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारख्या शिक्षकांबरोबर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही पोचली होती. तिने हाताला वळण लागतं, हे मी मानतो. नजर मात्र दगडानेच तयार होते.

चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: वर्षातला निदान एक तास नमुन्याचं पुस्तक मिटा आणि प्रत्येक मुलाच्या हातात मैदानातला एकेक दगड द्या.