एका कान्याचा फरक

ऑनलाइन गेममध्ये खोटं नाव घेता येतं, चेहरा तर कुणाला दिसतच नाही. मराठी क्रियापद मात्र लपत नाही. चौघांचा स्क्वॉड आहे, शत्रू समोरच्या इमारतीत आहे, आणि चौघांतली एक घाईत चॅटवर लिहिते, 'थांबा, मागून आले.' संपलं! 'आलो'मधला काना गळला की उरलेल्या तिघांना कळतं. मग सुरू, 'कुठली गं तू?', 'इन्स्टा दे ना.' नाही दिलं तर 'जा, भाकऱ्या थाप.' ती मेली तर मुलगी म्हणून मेली, आणि जिंकली तर भावाने खेळून दिलं असणार.

हे सगळं मी ऐकलंय. म्हणून माझं गेममधलं नाव 'खडकगल्ली ७' आहे आणि माझा माईक बंद असतो. तुमच्यापैकी जे खेळतात त्यांना याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पावलांचा आवाज डावीकडून येतोय, हे तोंडाने सांगायला एक सेकंद पुरतो. टाईप करायचं तर बोटं बंदुकीच्या बटणावरून काढावी लागतात, आणि तेवढ्यात गोळी लागते. मुलींचा खेळ कच्चा असतो असं जे म्हणतात, त्यांनी आठवडाभर तोंड बंद ठेवून खेळून बघावं.

चॅटवर लिहायचंच झालं तर मी कन्नडमध्ये लिहिते. बेळगावात राहून तेवढं येतंच. 'नानु बंदे' म्हणजे मी आलो, किंवा मी आले. मुलगा असो की मुलगी, क्रियापद तेच. मराठी मंडळाच्या अंकात, तेही सीमाभागात बसून, हे लिहायला जरा धीर लागतो. पण गेममध्ये मला मातृभाषेपेक्षा कन्नडचा आडोसा बरा वाटतो.

गंमत म्हणजे आमच्या आज्जीला हा काना कधी आडवा आला नाही. ती खानापूर तालुक्यातली. 'बाजाराला जाऊन आलो', 'मी जेवलो' असंच बोलते. इकडच्या आणि कोल्हापूरकडच्या खेड्यांत कितीतरी बायका असंच बोलतात. लहानपणी मीही बोलायची. शाळेत बाईंनी ते मोडून काढलं, 'मुलींनी आले म्हणायचं.' आता तेच 'आलो' मी कधीकधी मुलगा वाटावं म्हणून लिहिते, आणि समोरचा खूश होऊन 'भावा, भारी!' म्हणतो. आज्जी 'आलो' म्हणते तेव्हा ती काहीच लपवत नसते.

गेममधली बाईची ही लपवालपवी तशी जुनीच. १९८६ साली निन्टेंडोचा 'मेट्रॉइड' आला. त्यातला लढवय्या सामस पूर्ण वेळ चिलखतात. इंग्रजी माहितीपुस्तिकेत तर त्याला 'तो'च म्हटलं होतं. गेम ठरावीक वेळेत संपवला तर शेवटी चिलखत उतरतं आणि कळतं, अरे, ही तर बाई! तासाभराच्या आत संपवला तर ती बिकिनीत दिसते. म्हणजे बाई असणं हे गुपित, आणि तिचं अंग हे बक्षीस. बरं, गेम बनवणाऱ्यांत बायका नव्हत्या असंही नाही. कॅरोल शॉ यांचा 'रिव्हर रेड' त्याच्याही आधीचा, १९८२चा.

आणि लपायचं नाही असं ठरवलं तर? अनिता सार्कीसियन यांनी २०१२ मध्ये गेममधल्या बायकांच्या चित्रणावर व्हिडिओमालिका करायचं ठरवलं आणि लोकांकडे ६,००० डॉलर मागितले. दीड लाखाच्या वर जमले. त्याच वर्षी त्यांच्या फोटोवर क्लिक करून तोंड सुजवायचा एक गेमही कुणीतरी बनवला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठात त्यांचं भाषण होतं. गोळीबाराची धमकी आली. परवाना असलेल्यांना सभागृहात बंदूक आणायला मनाई करता येत नाही, असं तिथल्या कायद्याचं म्हणणं. भाषण रद्द झालं. एवढं काय विचारलं होतं बाईंनी? दर वेळी राजकन्येलाच का पळवून नेतात, हेच ना!

माझा मावसभाऊ म्हणतो, 'शिव्या आम्हालापण पडतात की.' पडतात, खरं आहे. पण दादा, त्या शिव्या आठवून बघ. तुझ्या आईवरून, तुझ्या बहिणीवरून. नेम तुझा चुकला तरी मध्ये येते ती बाईच.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. त्यात बहीण भावाला सोडवायला निघते. मला तो फार आवडतो. पण तो एकटीने खेळायचा गेम. तिथे माईक लागतच नाही.

शनिवारी आम्ही तिघी मैत्रिणी एका खोलीत बसून खेळतो. एकमेकींना 'आले गं, आले!' म्हणून ओरडायला माईक कशाला? चौथा खेळाडू गेमच कुठूनतरी आणून जोडतो. गेल्या शनिवारी जो आला त्याचा माईक बंद. चॅटवर मोजकं इंग्रजी. 'भावा' नाही, शिवी नाही, नेम मात्र जबरदस्त. अर्ध्या सामन्यात आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मग मी माईक सुरू केला आणि मराठीत म्हटलं, 'आम्ही तिघी मुलीच आहोत हां.'

बराच वेळ काही नाही. मग चॅटवर उमटलं, 'पूल सोडा. मी छतावर पोचले.'