दोन पेन्सिल सेल आणि नऊ महिने!

अहो, दोन पेन्सिल सेल! भिंतीवरच्या घड्याळात घालतो ना, तेच! सेल बदलायला घड्याळ खाली काढलं आणि त्याच वेळी हे वाचनात आलं! कालपासून जो भेटेल त्याला सांगत सुटलेय. मी यातली जाणकार नाही, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलीही नाही. पण ऐकाच!

अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचं बेट आहे. तिथे लीचेस स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी जमिनीत बीळ करून अंडं घालतो. एकच अंडं! आणि सुरुवातीच्या दिवसांत माणसाचा त्रास झाला, तर घरटं टाकून निघूनही जातो. मग बघायचं कसं? २००२ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी तिथे ३२ इवलीशी यंत्रं ठेवली. त्यांतल्या काहींनी बिळात कुणी बसलंय का, हे अंगाच्या उबेवरून ओळखायचं आणि रेडिओवरून कळवायचं! सेल बदलायला कुणी जायचं नाही, कारण गेलं की पक्षी बिथरणार! म्हणून नऊ महिने त्याच दोन सेलवर. त्यांनी हिशेब मांडला : २२०० मिलिअँपिअर-तास, २७० दिवस, म्हणजे रोजच्या वाट्याला जेमतेम आठ!

आणि आता खरी गंमत! बोलायला वीज लागते, ते समजलं. पण नुसतं ऐकायला? पुढे अशा यंत्रांत खूप वापरलेल्या सीसी२४२० या रेडिओ चिपचे आकडे बघा : पूर्ण जोराने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, ऐकताना १८.८! ऐकायलाच जास्त! मी तीनदा वाचलं! म्हणजे कुणी काही बोलेल म्हणून कान टवकारून बसलं, तर काहीही न ऐकता पाच दिवसांच्या आत सेल संपले! आणि शंभरातला एकच क्षण जागं राहिलं तर? सव्वा वर्षाहून जास्त! (फक्त रेडिओचा हिशेब धरलाय हं.)

म्हणजे झोपायचं! पण सगळेच झोपले तर निरोप घेणार कोण? इथे मला बसवेना! २००२ मध्येच वेइ ये, जॉन हाइडेमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी एस-मॅक नावाची पद्धत मांडली : प्रत्येक यंत्र शेजाऱ्यांना सांगतं की मी अमुक वेळी उठणार, आणि मग शेजारी तीच वेळ धरतात, आणि मग त्यांचं एक गाव तयार होतं, आणि मग लांब कुठे दुसऱ्याच वेळेला उठणारं दुसरं गाव तयार होतं, आणि मग दोघांच्या शिवेवर जे बिचारं यंत्र असतं ते दोन्ही गावांच्या वेळांना उठतं! शेतावरची जागल एकट्यालाच दोनदा! त्याचे सेल आधी संपणार! मला त्या शिवेवरच्या यंत्राची इतकी माया वाटली ना!

मग २००४ मध्ये बी-मॅक आली, आणि ती मांडणाऱ्यांत बेटावरच्या गटातले डेव्हिड कलरही होते! इथे वेळ ठरवायचीच नाही. प्रत्येकाने मधूनमधून एक डोळा उघडून हवेत काही आहे का बघायचं आणि परत झोपायचं. ज्याला बोलायचंय त्याने आधी दाराची कडी वाजवत राहायचं, समोरच्याच्या एका झोपेपेक्षा जास्त वेळ! म्हणजे तो कधीही उठला तरी कडी ऐकू येणारच! किती साधं! जागरणाचा भार ज्याचं काम आहे त्याच्यावर!

आणि थांबा, थांबा! त्या बिळांत संशोधकांना शोधायचं काय होतं? तर, नर-मादी पाळी कधी बदलतात! एक अंड्यावर बसतो, दुसरा दूर समुद्रावर खायला जातो, एक-दोन-तीन दिवस तिकडेच, आणि मग रात्रीच्या अंधारात परत येतो, आणि मग बसलेला उठतो! बिळात पक्ष्यांच्या पाळ्या, आणि शेजारी झोपून-उठून त्या मोजणारं यंत्र!

घड्याळ अजून बंदच आहे. दोन्ही सेल माझ्या मुठीत आहेत!