मारेगावची एक गल्ली



प्रवासाची हकिगत म्हटली की काशी-रामेश्वर किंवा थंड हवेची ठिकाणे डोळ्यांपुढे येतात. मी आज तुम्हाला तितके लांब नेणार नाही. यवतमाळहून वणीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा. करंजीला नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता ओलांडला की सागाची झाडी लागते. बोटोणी मागे पडते, पुढे कपाशीची राने दिसू लागतात आणि मारेगाव येते. तिथे उतरा. आपल्याला एका गल्लीत जायचे आहे.

मारेगाव हे तालुक्याचे ठिकाण. जिल्हा यवतमाळ, पण आमदार वणी मतदारसंघाचा आणि खासदार चंद्रपूरचा. जिल्हा कचेरीचे काम निघाले तर यवतमाळ गाठायचे आणि मोठी खरेदी करायची तर वणी. रेल्वे इथे नाही. गाडीची शिट्टी ऐकायची असेल तरी वणीलाच जावे लागते. तालुक्याच्या एका अंगाला वर्धा नदी आणि तिच्या काठची भारी काळी जमीन. दुसऱ्या अंगाला झाडी, हलकी मुरमाड जमीन आणि कोलाम व गोंड बांधवांचे पोड. या दोन्ही अंगांची माणसे कामाला म्हणून मारेगावात येतात. पूर्वी इथे ग्रामपंचायत होती. आता नगरपंचायत आहे, सतरा प्रभाग आहेत. कागदावर गावाचे शहर झाले, पण पहाटे माणसाला जागे करण्याचे काम अजून कोंबड्याकडेच आहे.

पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून माझी बदली या गावी झाली, तेव्हा मी बाजाराच्या रस्त्यामागच्या एका गल्लीत माडीवरची खोली भाड्याने घेतली. घरमालकीण एक म्हातारी आजी. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "साहेब, तुमी कास्तकाराचेच पोर ना?" मी हो म्हटले. "मंग भाड्याचं पाहू," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. भाडे मात्र तिने महिन्याच्या महिन्याला चोख घेतले.

माझ्या खिडकीखाली पिठाची चक्की. तिला लागून चहाची टपरी, पुढे पंक्चरचे दुकान आणि सातबारा-आठ अ च्या नकला काढून देणारा झेरॉक्सवाला. समोर खते, बियाणे आणि औषधे विकणारे कृषी केंद्र. गल्ली एवढीच. बैलबंडी एका तोंडातून शिरली आणि दुसरीकडून मोटारसायकल आली, तर कोणीतरी मागे सरावे लागते. बहुधा बंडीवाल्यालाच सरावे लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सकाळी सहाला टपरीची शेगडी पेटते. सातच्या सुमारास शाळा-कॉलेजसाठी खोली घेऊन राहणाऱ्या खेड्यांतल्या मुली बादल्या घेऊन नळावर येतात. चार मुली मिळून एक खोली. पंधरा दिवसांनी कोणाचा तरी बाप तांदळाची चुंगडी आणि तुरीची डाळ घेऊन येतो. चार घटका दाराशी उकिडवा बसतो, "अभ्यास कर बरं बाई" एवढे बोलतो आणि परतीची बस धरतो. त्या चुंगडीत किती दिवसांची मजुरी बांधलेली असते, ते आपल्या घरात वेगळे सांगायला नको.

दहा वाजता गल्ली भरते. मे-जून महिन्यांत पीककर्जाच्या कागदांसाठी झेरॉक्सवाल्यापुढे रांग लागते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तीच रांग कृषी केंद्रापुढे सरकते. श्रावणात निंदण-डवरण सुरू असते, त्यामुळे दुपारी गल्लीत शुकशुकाट. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि गल्लीला पुन्हा जीव येतो. चहावाला उधारीची वही काढतो, पंक्चरवाला नवी ट्यूब आणून ठेवतो, चक्कीवाली बाई पोरीच्या सोयरिकीचे बोलते. एकदा मी टपरीवाल्याला विचारले, "धंदा कसा आहे?" तो म्हणाला, "कापूस कसा आहे, ते तुमीच सांगा."

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपला माणूस तालुक्याला येतो तो टोपी सावरत, दाराबाहेर चपला काढत. कचेरीत, बँकेत, दुकानात, सगळीकडे त्याचा आवाज खाली. जणू काही हे गाव दुसऱ्याचे आहे आणि आपण मागायला आलो आहोत. पण या गल्लीतल्या प्रत्येक चुलीवरचा चहा तुमच्या कापसावर उकळतो. ज्या वर्षी बोंडे सडतात, त्या वर्षी चक्कीवाल्या बाईच्या पोरीचे लग्नही पुढे ढकलले जाते. गल्ली तुमच्यावर जगते आणि गल्लीशिवाय तुमचेही अडते. तेव्हा इथे भीतभीत वावरण्याचे कारण नाही.

पोळ्याला तर या गल्लीचे शहरपण गळूनच पडते. ज्यांनी बैल विकून दहा वर्षे झाली, तेही तोरणाखाली उभे राहून झडत्या ऐकतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरे लाकडाचे बैल सजवून घरोघर फिरतात. आजी दरवर्षी प्रत्येक लाकडी बैलाला कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. "गोठा गेला, पन बैल तं पुजलाच पायजे," असे तिचे म्हणणे.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायला मला सोपे जात नाही. पण ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२०१७ साल तुमच्या लक्षात असेल. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. किडीचा जोर होता आणि हवेत दमट उकाडा होता. जोराने फवारणारे बॅटरीचे पंप आले होते. फवारणारा माणूस झाडांच्या आत चालायचा, तुषार वर उडून त्याच्याच तोंडावर यायचे. अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा. एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधे मिसळलेली. ऑगस्टपासून माणसे आजारी पडू लागली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विषबाधेच्या रुग्णांची रीघ लागली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली.

त्या दिवसांत रोज सकाळी मी खिडकीत दाढी करत असे. खाली कृषी केंद्रातून माणसे पिशव्या घेऊन बाहेर पडताना दिसत. पिशवीत दोन बाटल्या, कधी तीन. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस. कोणत्या दोन औषधांचा मेळ बसत नाही, हे मला वरून बाटलीच्या रंगावरून कळत होते. तरी मी एकदाही खाली उतरून विचारले नाही की, "दादा, हे कशावर मारणार? कोण मारणार? हातमोजे आहेत काय?" माझ्या मनात होते, ही काही कचेरीची वेळ नाही. सभा घेऊ, पत्रके वाटू, तेव्हा सांगूच.

एका रात्री अकराच्या पुढे गल्लीत गलका झाला. एका मजुराला मोटारसायकलवर मधे धरून आणले होते. तोंडातून लाळ गळत होती, डोळे उघडत नव्हते. गाडी मिळेपर्यंत त्याला टपरीच्या बाकावर निजवले. तेव्हा ही गल्ली काय आहे, ते मी पाहिले. चक्कीवाल्या बाईने पाण्याच्या कळशा आणल्या. पंक्चरवाल्याने त्याचे औषधाने भिजलेले कपडे उतरवले. मुलींच्या खोलीतून साबण आला. आजीने आपले लुगडे दिले, त्यात त्याला गुंडाळले. मी डॉक्टरांसाठी औषधाचे नाव विचारले, तर बरोबरच्या माणसाला ते सांगता येईना. बाटली शेतातच राहिली होती, पावती नव्हतीच. पिशवी मात्र मी ओळखली. त्याच सकाळी मी ती खिडकीतून पाहिली होती.

तो माणूस वाचला. महिन्याभराने टपरीवर आला, मला रामराम केला. त्याला काही ठाऊक नव्हते. मला होते. पुढे मी आजीजवळ हे बोललो. तिने दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. एवढेच म्हणाली, "खिडकी बंद करून बसाचं नाई तं खाली उतराचं, साहेब. मधातलं काई कामाचं नाई."

दुसऱ्या दिवसापासून मी दाढी आटोपून खाली उतरू लागलो. सकाळी अर्धा तास टपरीवर बसायचे आणि पिशवी घेऊन जाणाऱ्याला विचारायचे, "काय नेऊन रायले, भाऊ?" पहिल्यांदा लोक बिचकले. मग स्वतःच पिशवी उघडून दाखवू लागले. त्या अर्ध्या तासात मी जे सांगतो, ते तुम्हालाही सांगतो. घरच्या माणसांनी एकत्र बसून वाचावे, कारण फवारणी एकजण करतो, पण त्याचे कपडे दुसरेच कोणी धुते.

औषधाच्या बाटलीवर चौकट असते, तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण हिरवेही विषच. शिफारस नसताना दोन औषधे एकत्र करू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने आणि भर उन्हात फवारू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा पाहिजेच. आणि ते मजुराला देणे हे मालकाचे काम आहे. फवारलेले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका.

मळमळ, चक्कर, अंधारी, घाम किंवा लाळ दिसली की माणसाला लगेच शेताबाहेर काढा. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि दवाखाना गाठा. ताक, तूप, लिंबू देत वेळ घालवू नका. बळेच ओकारी काढू नका. आणि बाटली बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते कळते.

आणि पावती. बियाणे असो, खत असो, औषध असो, पक्की पावती मागा. तिच्यावर मालाचे नाव आणि लॉट किंवा बॅच नंबर असला पाहिजे. पावती देणे हा दुकानदाराचा उपकार नव्हे, कायद्याने त्याला ती द्यावीच लागते. आपल्या भागात 'चोर बीटी' म्हणून जे बियाणे अंधारात विकले जाते, त्याला पावती नसते. ते उगवले नाही तर दाद कोणाकडे मागणार? कापूस विकतानाही तेच. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव असतो, त्यावर भाव कमी होतो आणि बाराच्या वर ओलावा असला तर माल घेत नाहीत. घरी दोन दिवस ऊन दाखवून, वजन करून, ते लिहूनच बंडी भरा. काट्यापाशी उभे राहून आकडा आपल्या डोळ्यांनी वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी पोर बरोबर न्या. चुंगडी पोचवून तिला शिकवतो, ते कशासाठी?

आजी आता थकली आहे. उन्हात ओट्यावर बसून असते. मला टपरीवर बसलेला पाहिले की विचारते, "आज किती जनाच्या पिशव्या पायल्या?" मी आकडा सांगतो. दहा असला तर ती मान हलवते. दोन असला तर म्हणते, "आज उशिरा उतरले वाटते."

तर मंडळी, मारेगावला कधी आलात तर या गल्लीत या. चहा प्या. पण पिशवी झाकून घाईने जाऊ नका. समोरच्या दुकानदाराला विचारा, टपरीवर बसलेल्याला विचारा, मी दिसलो तर मला विचारा. आणि तुमच्या तालुक्याच्या गावी माझ्यासारखा कोणी अधिकारी माडीवरच्या खिडकीत बसलेला दिसला, तर त्याला खालूनच मोठ्याने हाक मारा: साहेब, खाली या, पिशवी पाहा. त्याला राग आला तरी चालेल.