शेपूट कापल्यावर

एफसी गॅमा आरटूए या रिसेप्टरच्या १३१ व्या जागी कुणाकडे हिस्टिडिन असतं, कुणाकडे आर्जिनिन. हिस्टिडिनवाला माणसाचं आयजीजी२ घट्ट धरतो, आर्जिनिनवाला जेमतेम. उंदराच्या आयजीजी१ बाबत मात्र उलटं: आर्जिनिनवाला त्याची शेपूट, म्हणजे एफसी भाग, पकडतो, हिस्टिडिनवाला फारशी नाही. हा भेद पहिल्यांदा कळला तोही असाच. उंदराची आयजीजी१ जातीची अँटि-सीडी३ अँटिबॉडी दिली, की काहींच्या टी पेशी जोमाने वाढत, काहींच्या नाहीत.

म्हणजे जो फरक शोधायचा, तो आमच्या हत्यारातच, उंदराच्या अँटिबॉडीतच, भिनलेला. हायब्रिडोमाच्या प्लेटमधला कुठलाही आयजीजी१ क्लोन आर्जिनिन ओळखल्याचा आव आणतो. अँटिबॉडीने रिसेप्टर धरला की रिसेप्टरने अँटिबॉडी, हे फ्लो सायटोमेट्रीच्या आलेखावर दिसत नाही. शिखर दोन्हीकडे सारखंच देखणं.

यंदा आलेली विद्यार्थिनी ते शिखर पाहून हरखली नाही. "सर, आधी शेपूट कापू," म्हणाली. तिच्या वयात हा धीर माझ्याकडे नव्हता. उंदराचं आयजीजी१ पेप्सिनला सहजी दाद देत नाही. जास्त वेळ ठेवलं तर हातही झडतात. कमी ठेवलं तर अखंड रेणू उरतात, आणि ते चिमूटभर उरलेलेच सगळा निकाल रंगवतात. म्हणून मी मानतो फक्त जेल, आणि सोबत तशीच कापलेली, त्याच जातीची, या रिसेप्टरशी नातं नसलेली अँटिबॉडी.

४१एच१६ ही अँटिबॉडी इथली जुनी मानकरी. ती आर्जिनिनवाला वेगळा काढते, पण आरटूबी या बी पेशींवरच्या भावंड रिसेप्टरलाही धरते. त्याच्याही १३१ ला आर्जिनिनच आहे. म्हणून बी पेशी टाळून न्यूट्रोफिलवर मोजायचं, आणि दोन्ही रूपं धरणाऱ्या आयव्ही.३ या अँटिबॉडीशी ताडून पाहायचं. कॅटलॉगमधून कुपी मागवणाऱ्या नव्या पिढीला ही ताडणी कटकट वाटते, याचा मला राग येतो. जीनोटायपिंगवाले म्हणतात, डीएनए वाचा, मोकळे व्हा. पण वारशात काय आलं ते डीएनए सांगतो. पेशीच्या अंगावर आज काय किती उभं आहे, ते नाही.

कोलर आणि मिलस्टाईन यांचं १९७५ चं हायब्रिडोमाचं तंत्र पेटंटाविना सगळ्यांना खुलं झालं. तेवढं मोठं मन माझं नाही. आरटूबीला न शिवता आर्जिनिन ओळखणारा क्लोन मला हवा आहे, आणि परक्यांच्या लेखांत त्याचा नंबर छापलेला मला पाहायचा आहे.