सातेरीच्या वारुळापाशी

आजरा सोडलं तेव्हा रिमझिम होती. आंबोलीत ती धुक्यात मिसळली आणि घाट उतरून दाणोली गाठेपर्यंत पाऊस कुठला, धबधब्याचे तुषार कुठले, हेच कळेना. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रस्त्याकडेच्या कुजक्या ओंडक्यांवर पांढऱ्या, नारिंगी, तपकिरी बुरशीचे थर चढले होते. पर्यटकांच्या गाड्या धबधब्यापाशी थांबत होत्या, मी ओंडक्यांपाशी थांबत होते. मला दोडामार्गला आणि पुढे गोव्यातल्या सत्तरीला जायचं होतं, अळंबीविषयी मुलांशी आणि गावकऱ्यांशी बोलायला. पिशवीत काळे-पांढरे कागद आणि भिंगं होती.

दोडामार्ग तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवीच्या वर्गाला विचारलं, "अळंबी म्हणजे काय?" निम्मा वर्ग म्हणाला, "भाजी." उरलेला म्हणाला, "झाड." याच मुलांना रॉबर्ट व्हिटाकर यांची १९६९ची पंचसृष्टी पद्धती तोंडपाठ होती. प्राणी वेगळे, वनस्पती वेगळ्या, कवकं वेगळी, हे त्यांनी घडाघडा सांगितलं. पण पुस्तकातलं कवक तेच आपल्या ताटातली अळंबी, ही गाठ त्यांना कुणी मारून दिली नव्हती. मी कुर्लीपासून सुरुवात केली. कुर्लीचं कवच ज्या कायटिनचं, तेच कायटिन अळंबीच्या पेशींच्या भिंतीत असतं. झाडाच्या पेशीला भिंत असते ती सेल्युलोजची. झाड उन्हात आपलं अन्न तयार करतं, अळंबीला ते जमत नाही. ती कुजक्यातून, मुळांतून, दुसऱ्या जिवांतून अन्न शोषून घेते. "म्हणजे ती आपल्याच बाजूची!" मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची, हे शास्त्रज्ञांना फार उशिरा उमगलं. तिला ते बसल्या जागी उमगलं.

मुलांनी दोन छत्र्या आणल्या होत्या. एक वारुळावरची, दुसरी शाळेच्या मैदानातल्या गवतातली, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली. वरून पाहणाऱ्याला दोन्ही खाण्यासारख्याच वाटाव्यात. देठ काढून, पाती खाली करून त्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या आणि वर पोषण आहाराच्या वाट्या पालथ्या घातल्या. दुपारच्या सुट्टीनंतर वाट्या उचलल्या. वारुळावरच्या अळंबीचे बीजाणू फिक्या गुलाबी रंगाचे पडले होते, मैदानातल्या छत्रीचे हिरवट. ही हिरव्या ठशाची क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. खाणाऱ्याला ती उलट्या-जुलाबांनी बेजार करते. वर्ग एकदम गप्प झाला. कवकांवरच्या कितीही व्याख्यानांहून मला हा एक कागद मोलाचा वाटतो. मात्र नुसत्या ठशावरून कुठलीही अळंबी खाण्याजोगी ठरत नाही, हे मी फळ्यावर लिहून ठेवलं.

संध्याकाळी देवळात गाव जमलं. सातेरीचं देऊळ, गाभाऱ्यात वारूळ. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ही देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, त्यामुळे आमची सभा थेट विषयाच्या दारातच भरली. वारुळात काय चालतं, ते मी सांगितलं. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड पोटात घालून आणते, आपल्याच विष्ठेतून आत कवकाची बाग रचते. टर्मिटोमायसिस हे कवक लाकडातला कठीण भाग मऊ करतं आणि वाळवी ते खाते. ही सोबत सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. पावसात त्या बागेतूनच मुळासारखा लांब देठ वर सरकतो आणि अळंबी उमलते. माणसाला अजून ही अळंबी धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता आलेली नाही. वारूळ फोडलं की बागही गेली.

"गडगडला काय दुसऱ्या दिसाक रोवणार अळमी," एक आजी म्हणाल्या. मृगातला गडगडाट, ओल आणि उकाडा एकत्रच येतात. आजींचं निरीक्षण मला खोडावंसं वाटलं नाही.

खोडावं लागलं ते दुसरंच. भांड्यात चांदीचं नाणं किंवा लसूण टाका, काळं पडलं तर अळंबी विषारी. किडीने खाल्लेली असेल तर चांगली. या परीक्षा निखालस खोट्या आहेत. अमॅनिटा गटातल्या काही जातींचं विष शिजवल्यानेही जात नाही. उलट्या सुरू व्हायला सहा ते बारा तास किंवा अधिकही लागतात. मग थोडं बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. हे सांगताना मी आवाज मुद्दाम चढवला.

पुढे सत्तरीत रस्त्याच्या कडेला अळंबी विकायला मांडलेली दिसली. बहुतेक न उमललेल्या कळ्याच. कळीला भाव जास्त, पण कळीतून एकही बीजाणू बाहेर पडलेला नसतो. गोव्यातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत गेली कित्येक वर्षं या अळंबीच्या रक्षणाबद्दल लिहीत-बोलत आले आहेत. विकणाऱ्या बाईंना दोष देऊन काय होणार? पावसाच्या तोंडावर त्यांच्या हाती येणारा हा रोख पैसा. त्यांच्यापाशी बसून मी दोडामार्गच्या आजींचं बोलणं सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "सगळी काढूची नाय, बाय. फुलली ती देवीची." बाई हसल्या. त्यांची सासूही असंच म्हणायची. आता मात्र आपण सोडली तर दुसरा नेतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणूनच हे एकट्यादुकट्याला सांगून भागत नाही, सगळ्या वाड्याने मिळून ठरवावं लागतं.

शिक्षकहो, येत्या पावसात एक तास अळंबीला द्या. कागद आणि वाटी एवढंच लागतं. हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावा आणि अनोळखी छत्री कुणाच्याही घरी शिजणार नाही, हे बघा. आणि ज्यांच्या बांधावर वारूळ आहे त्यांनी ते फोडू नये, वरच्या उमललेल्या अळंब्या तशाच राहू द्याव्यात.