जस्ताची जागा

देवळात पाऊल टाकले की आपण धातूंच्या राज्यात शिरतो. समई पितळेची, घंटा काशाची, ताम्हन तांब्याचे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ, हे आपण शाळेत शिकलो. परंतु हेच दोन्ही धातू समईपुढे हात जोडणाऱ्याच्या मेंदूतही नांदत असतात, ही जाणीव फार थोड्यांना असते.

प्रौढ माणसाच्या सबंध देहात जस्त अवघे दोन ते तीन ग्रॅम. मेंदूत ते त्याहून किती तरी थोडे. पण स्मरणशक्तीशी निगडित असा जो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, तेथे त्याचा साठा विशेष. या धातूच्या अभावाने माणसाचे काय होते, याकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्यास १९६१ साल उजाडावे लागले. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणातील शिराझ येथे काम करीत असता त्यांच्यापुढे वाढ खुंटलेले तरुण येऊ लागले. वय विशीचे, चण दहा वर्षांच्या पोराची, आणि मन सुस्त. आहार बहुतांशी बिनआंबवल्या रोटीचा, वर माती खाण्याची सवय. त्यामुळे अन्नातील जस्त अंगी लागत नसावे, हा त्यांचा तर्क पुढे ईजिप्तमधील संशोधनाने खरा ठरला. हे वाचून कोणी जस्ताच्या गोळ्यांसाठी औषधाच्या दुकानाकडे धावू नये. जस्त अतोनात झाले तर ते तांब्याला देहात शिरू देत नाही, आणि तांब्यावाचून पाठीचा कणा व मज्जातंतू दुबळे होतात.

आम्हां वकिलांचा जन्म कब्जा आणि वहिवाट यांच्या वादात जातो. म्हणून शिशाचे वर्तन आम्हांस चटकन कळले. रक्त घडविणाऱ्या एका विकरात जस्ताची ठरलेली जागा असते. शिसे जस्ताला तेथून उठविते आणि स्वतः बसते. काम मात्र करीत नाही. मेंदूच्या वेशीवर ते कॅल्शियमचे सोंग घेते. भाऊसाहेबांच्या तोतयाने पुणे दरबाराला जेवढे छळले नसेल तेवढे हा तोतया लहान मुलाच्या मेंदूला छळतो. बुद्धी मंदावते, चित्त ठरत नाही, आणि एकदा झालेली हानी पुरती भरून येत नाही. मुलांच्या आतड्यांतून शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते. अंगात लोह कमी असेल तर आणखीच. अमुक इतके शिसे निर्धोक, असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेस आजवर सांगता आलेले नाही.

हा धातू देवळात येतो तो शेंदराच्या रूपाने. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. शंभर ग्रॅमांत सुमारे नव्वद ग्रॅम शिसेच. (कुंकवाची गोष्ट वेगळी, जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीचे.) बाजारातल्या प्रत्येक पुडीत शिसे असेलच असे नाही, परंतु नजरेने ते ओळखता येत नाही.

मध्यंतरी बेळगावातील एका मारुतीच्या देवस्थानाने आमचा अभिप्राय मागितला. एका आईची विनंती होती की, मूर्तीच्या पायाचा शेंदूर तान्ह्या मुलांच्या कपाळी लावू नये. कपाळीचा शेंदूर बोटाला येतो आणि बोट तोंडात जाते. सभेत पुष्कळ गरमागरमी झाली. आम्ही कायदा पुढे ठेवला. घराच्या भिंतींना द्यावयाच्या रंगात शिसे दहा लाख भागांत ९० हून अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला. शुद्ध शेंदरात तेच प्रमाण नऊ लाखांवर जाते. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास तर कायद्याने मनाईच आहे. भिंतीला जे चालत नाही ते बाळाच्या कपाळाला चालावे, हे आम्हांस तरी पटत नाही.

"म्हणजे मारुतिराय विषारी, असे म्हणायचे आहे का तुम्हांला?" एक वयोवृद्ध विश्वस्त कडाडले.

"अण्णा, रुईची माळ आपण दर शनिवारी मारुतीला घालतो," आम्ही म्हटले. "तिचा चीक किती जहाल हे तुम्ही जाणता. ती कोणी मुलाच्या तोंडात देतो का? देवाचे ते देवाला."

अण्णा गप्प झाले. मूर्तीला शेंदूर पूर्ववत चढवावा, परंतु मुलांच्या कपाळी केवळ अंगारा लावावा, आणि मूर्तीवरून सुटलेल्या शेंदराच्या खपल्या प्रसाद म्हणून कोणास देऊ नयेत, असे ठरले.

सभा उठल्यावर पुजारी आमच्याजवळ आले. पंचवीसएक वर्षे त्यांनी तळहातावर तेलात शेंदूर कालवला होता. नखांच्या कडा नारिंगी झालेल्या. स्वतःविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. शेंदूर कालवताना नातू मांडीवर येऊन बसतो, त्याचे रक्त तपासून घ्यावे का, एवढेच त्यांनी विचारले. आम्ही होय म्हणालो, आणि तुमचेही, असे सांगितले.